लाटेचं चित्र वाचायचं कसं? आधी न हलणारी जागा शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्लेटवरची वाळूची नक्षी, ड्रमच्या पडद्याचं ॲनिमेशन, लाल-निळ्या ठिपक्यांचा सूर्याचा गोळा, लायगोचा (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा) तो वर चढत जाणारा पट्टा, हे सगळं बघून झालंय, समीकरणंही सोडवता येतात, पण चित्र बघून नक्की काय हलतंय ते डोक्यात उमटत नाही. मग अशी चित्रं स्वतः काढायची तर सुरुवात कुठून करायची? आणि जाता जाता, मोबाईलच्या व्हिडिओत गिटारच्या तारेवर जी वेडीवाकडी लाट दिसते ती खरी असते का?

सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या कंपनांचा डेटा बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

कुठलंही कंपनाचं चित्र समोर आलं की आपली नजर सगळ्यात जास्त हलणाऱ्या जागेकडे जाते, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण ती जागा क्षणात वर, क्षणात खाली, तिच्याकडे बघून काहीच पकडता येत नाही. त्याऐवजी जी जागा अजिबात हलत नाही ती शोधा, म्हणजे नोड, पुस्तकातला निस्पंद. तारेवर तो बिंदू असतो, प्लेटवर रेघ असते, आणि सूर्यासारख्या भरीव गोळ्यात अख्खा पृष्ठभाग असतो. हे नोड मोजता आले की मोड, म्हणजे त्या वस्तूची एकाच फ्रिक्वेन्सीनं हलण्याची ठरावीक पद्धत, ओळखता आला, आणि पुस्तकात जे n, l, m वगैरे आकडे येतात ते दुसरं तिसरं काही नसून या नोडचीच मोजणी आहे. त्याच्या जोडीला एक सवय लावून घ्या, प्रत्येक चित्राला विचारायचं की आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय, रंग कशाचा, आणि काय किती पट फुगवून दाखवलंय.

आता तारेपासून बघू. तारेच्या लाटेची दोन चित्रं असतात आणि दोन्ही अगदी सारखीच साइन कर्व्ह दिसतात, हा पहिला सापळा. एकात आडव्या अक्षावर जागा असते, म्हणजे एका क्षणाचा फोटो, दुसऱ्यात आडव्या अक्षावर वेळ असतो, म्हणजे तारेचा एकच ठिपका पकडून तो वेळेनुसार कसा हलला त्याची नोंद. पहिल्यातल्या दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, दुसऱ्यातलं म्हणजे आवर्तकाल. हे ऐकायला फार सोपं वाटतं पण विद्यार्थी अडकतात ते नव्वद टक्के इथेच, म्हणून माझं सांगणं की दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी काढा आणि ज्या ठिपक्याचा दुसरा प्लॉट आहे त्याला पहिल्यात लाल टिंब द्या, ॲनिमेशन चालू करा, थोडा वेळ नुसतं बघत बसा.

स्थिर तरंग मात्र लगेच साइन काढून दाखवू नका. उजवीकडे जाणारी एक लाट निळी, डावीकडे जाणारी दुसरी लाल, आणि त्यांची बेरीज काळी, असं एकाच प्लॉटवर चालवा. दोन्ही लाटा पळतायत आणि बेरीज मात्र जागच्या जागी वरखाली होतेय, आणि काही बिंदूंवर लाल आणि निळी नेहमीच एकमेकींना बरोब्बर खोडतात, हे डोळ्यांनी दिसलं की नोड म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आवाजाच्या लाटेचं चित्र तर अजून फसवं. हवेचे कण लाटेच्या दिशेनंच पुढेमागे होतात, वरखाली काहीच होत नाही, तरी पुस्तकात साइन कर्व्ह काढलेली असते कारण तो आलेख आहे, हवेचा फोटो नाही. त्यात परत तो आलेख कणांच्या विस्थापनाचा आहे का दाबाचा हे बघावं लागतं. नळीत उभ्या राहिलेल्या लाटेत जिथे विस्थापनाचा नोड तिथे दाब सगळ्यात जास्त बदलतो, आणि जिथे कण सगळ्यात जास्त हलतात तिथे दाबाचा नोड, म्हणजे एकाच नळीची दोन चित्रं उलटी निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. आणि प्रमाणाबद्दल म्हणाल तर, साध्या बोलण्याइतका ६० डेसिबलचा १००० हर्ट्झचा आवाज घेतला तर तरंगलांबी ३४ सेंटीमीटर येते आणि हवेचा कण हलतो साधारण १० नॅनोमीटर. म्हणजे खऱ्या प्रमाणात काढायचं ठरवलं तर ती सरळ रेघच दिसेल, चित्रात लाट दिसावी म्हणून कोटींच्या पटीत फुगवलेलं असतं. ही फुगवणी करण्यात गैर काही नाही, फक्त ती केलीय हे माहीत पाहिजे.

आता वाळूची प्लेट. रॉबर्ट हूकनं १६८० च्या सुमारास काचेवर पीठ टाकून कडेवर व्हायोलिनचा बो ओढून हे बघितलं होतं, पण पद्धतशीर काम अर्न्स्ट क्लाड्नीचं, त्यानं १७८७ मध्ये या आकृत्या छापल्या. (हाच क्लाड्नी, ज्यानं १७९४ मध्ये उल्का अंतराळातून येतात असं ठासून मांडलं, आणि तेव्हा फार कमी जणांना ते पटलं होतं.) प्लेट वाजते तेव्हा हलणाऱ्या भागावरची वाळू उडत उडत जिथे हलणं नाही तिथे जाऊन पडते, म्हणजे ही नक्षी म्हणजे नोडचा नकाशा, निसर्गानं स्वतः काढलेला. म्हणूनच मला ही आकृती इतर कुठल्याही चित्रापेक्षा जवळची वाटते, कारण इथे कुणी फुगवलेलं नाही की रंग भरलेले नाहीत.

पण ती काय लपवते तेही बघा. वाळू चिन्ह दाखवत नाही. रेघेच्या एका बाजूचा भाग वर जात असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा खाली जात असतो, आणि वाळूच्या चित्रात दोन्ही सारखेच रिकामे दिसतात. म्हणून असा फोटो मिळाला की प्रिंट काढून शेजारशेजारच्या कप्प्यांत आळीपाळीनं अधिक-वजा लिहून बघा, दोन पेन्सिलींनी रंगवलंत तर अजून छान, हाच तुमचा पहिला लाल-निळा नकाशा. दुसरं, बारीक पूड आणि वाळू एकसारखी वागत नाहीत. अगदी बारीक पूड घेतली तर ती उलट जास्तीत जास्त हलणाऱ्या जागी ढिगानं गोळा होते, आणि मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं की हे प्लेटच्या वर तयार होणाऱ्या हवेच्या बारीक प्रवाहांमुळे होतं. प्रयोग करताना भलत्याच जागी पूड जमली तर घाबरू नका, कण जाड घ्या.

तिसरी गोष्ट जरा कळकळीनं सांगतो, कारण इंटरनेटवर सगळीकडे तेच सूत्र फिरतंय. कोसाइन गुणिले कोसाइन, वजा n आणि m ची अदलाबदल केलेलं कोसाइन गुणिले कोसाइन, शून्य कुठे आहे ते प्लॉट करा, झाली क्लाड्नीची आकृती तयार. दिसतं सुंदर, पण मोकळ्या कडांच्या चौकोनी प्लेटचं ते नेमकं उत्तर नाही. ताणलेला पडदा आणि कडक प्लेट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, पडद्यात ताण परत खेचतो, प्लेटमध्ये तिचा स्वतःचा वाकायला असलेला विरोध, त्यामुळे प्लेटचं समीकरण चौथ्या ऑर्डरचं येतं आणि मोकळ्या कडेच्या अटी डोकं खातात. क्लाड्नीनं पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले, त्यानंतर फ्रेंच अकादमीनं गणिती स्पष्टीकरणासाठी बक्षीस लावलं आणि ते १८१६ मध्ये सोफी जर्मेनला मिळालं, तरीही चौकोनी मोकळ्या प्लेटचं चांगलं अंदाजी उत्तर यायला वॉल्टर रिट्झचं १९०९ चं काम यावं लागलं, आणि त्यातून निघालेली पद्धत आज इंजिनिअरिंगमध्ये सगळीकडे वापरतात. तेव्हा ते कोसाइनचं सूत्र सरावाला जरूर घ्या, पण स्वतःच्या प्रयोगाशी ताडून बघताना रेघा जुळल्या नाहीत तर दोष प्रयोगाला देऊ नका.

गोल पडद्याकडे, म्हणजे ड्रमकडे, सोपेपणा परत येतो. इथे नोड दोनच प्रकारचे, केंद्रातून जाणाऱ्या सरळ रेघा आणि केंद्राभोवतीची वर्तुळं, आणि मोडचं नाव म्हणजे या दोघांची मोजणी (कडा धरून, कारण ती पण हलत नाही). साध्या पडद्यावर पहिल्या मोडला १ धरलं तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे येतात, पूर्णांक पटीत नाहीत, म्हणून साध्या ड्रमचा सूर नीट लागत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचरमध्ये दाखवलं की मृदंग-तबल्याच्या मधल्या शाईच्या वजनामुळे हेच मोड सरकून जवळजवळ पूर्णांक पटीत येऊन बसतात, पहिल्या नऊ मोडमधून फक्त पाच सूर तयार होतात कारण काही मोड एकाच फ्रिक्वेन्सीवर येऊन मिळतात. आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन मोड आले की त्यांची कुठलीही बेरीज चालते, त्यामुळे नोडची रेघ कशीही वळलेली दिसू शकते. नवीन माणूस इथे हमखास चक्रावतो, पुस्तकातली आकृती शोधत बसतो आणि समोर भलतंच काहीतरी दिसतं.

याच बेरजेतून अजून एक गंमत निघते. एक सरळ नोड असलेला मोड घ्या, त्याचाच काटकोनात फिरवलेला जुळा घ्या, दोन्ही पाव आवर्तनाच्या फरकानं चालवा, नोडची रेघ गोल फिरायला लागते. म्हणजे दोन स्थिर तरंग मिळून एक फिरता तरंग झाला. हे ॲनिमेशन स्वतः करून बघाच, कारण सूर्याकडे गेल्यावर हेच लागतं.

सूर्य. १९६२ मध्ये रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी माउंट विल्सनच्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध केलं की सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तकालानं वरखाली होतो. १९७० मध्ये रॉजर उलरिच यांनी, आणि १९७१ मध्ये लाइबाकर आणि स्टाइन यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की हे सूर्याच्या आत अडकलेले ध्वनितरंग आहेत, आणि १९७५ मध्ये डॉइबनर यांच्या निरीक्षणात ते स्पष्ट दिसलं. आता तो लाल-निळा गोळा वाचायचा कसा: रंग तापमानाचा नाही, वेगाचा किंवा विस्थापनाचा आहे, एक रंग आपल्याकडे, दुसरा आपल्यापासून लांब. दोन रंगांच्या मधल्या रेघा म्हणजे नोड. एकूण नोडरेघा l, त्यातल्या दोन्ही ध्रुवांमधून जाणाऱ्या वर्तुळांची संख्या m, आणि उरलेल्या l वजा m रेघा विषुववृत्ताला समांतर. बस, एवढ्यावर कुठलाही गोळा ओळखता येतो. l आणि m सारखे असतील तर संत्र्याच्या फोडींसारखे उभे पट्टे, m शून्य असेल तर आडवे पट्टे. तिसरा आकडा n खोलीत आहे, पृष्ठभागावर दिसत नाही, केंद्राकडे जाताना लागणारे नोड तो मोजतो, त्यामुळे गोळा कापून आतलं दाखवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

यात सगळ्यात मोठा गैरसमज असा की सूर्य खरंच त्या चित्रासारखा दिसतो. एका मोडचा वेग २० सेंटीमीटर प्रति सेकंदापेक्षाही कमी असतो, तुमच्या चालण्याच्या वेगाहून कितीतरी कमी, आणि असे लाखो मोड एकाच वेळी चालू असतात. त्यांची बेरीज म्हणजे नुसती खदखद, एकही पट्टा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहावरच्या एचएमआय उपकरणाचे दर ४५ सेकंदांनी येणारे डॉपलर नकाशे (पृष्ठभागाचा कुठला भाग किती वेगानं जवळ येतोय की लांब जातोय ते दाखवणारे) घेतो, प्रत्येक नकाशा त्या गोलाकार नक्ष्यांमध्ये तोडतो, आणि मग प्रत्येक नक्षीची फ्रिक्वेन्सी काढतो. आडव्या अक्षावर l, उभ्यावर फ्रिक्वेन्सी असा प्लॉट काढला की ३ मिलिहर्ट्झच्या आसपास वाकड्या कमानींची रांग उभी राहते, आणि प्रत्येक कमान म्हणजे एक n. खदखदीतून अशी स्वच्छ रचना बाहेर येताना पहिल्यांदा बघितली की माणूस या विषयातून बाहेर पडत नाही, निदान मी तरी पडलो नाही. तुम्हाला एकच चित्र नीट समजून घ्यायचं असेल तर हे घ्या, गोळ्यापेक्षा हे खरं आहे.

लांबच्या ताऱ्याचा तर पृष्ठभागच दिसत नाही, एक ठिपका, त्याचा प्रकाश कमीजास्त होतो एवढंच. इथे वाळूच्या प्लेटवर लिहिलेली अधिक-वजा चिन्हं कामाला येतात: जितके जास्त नोड तितके लाल-निळे कप्पे एकमेकांना खोडतात, त्यामुळे l तीनच्या पुढचं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. जे उरतं ते बघायला एशेल डायग्राम वापरतात. सूर्यासारख्या ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये (रंगांच्या नव्हे, प्रकाशाच्या कमीजास्त होण्यातल्या फ्रिक्वेन्सींच्या) शिखरं ठरावीक अंतरानं परत परत येतात, सूर्यासाठी हे अंतर साधारण १३५ मायक्रोहर्ट्झ, मग स्पेक्ट्रमचे तेवढ्या लांबीचे तुकडे करायचे आणि एकाखाली एक रचायचे. अंतर बरोबर धरलं तर l शून्य, एक आणि दोनचे उभे पट्टे दिसतात, चुकलं तर पट्टे तिरके होतात, त्यामुळे हे चित्र स्वतःच स्वतःची चूक सांगतं. केप्लर या अंतराळ दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो, करून बघा. फक्त दर अर्ध्या तासाचा डेटा सूर्यासारख्या ताऱ्याला चालणार नाही, पाच मिनिटांचं कंपन त्यात सापडणारच नाही, त्यासाठी मिनिटामिनिटाचा घ्या. अर्ध्या तासाचा तांबड्या राक्षसी ताऱ्यांना उत्तम, ते सावकाश हलतात.

डेटात खाडे असतील तर काळजी घ्या. एकाच जागेवरून बघितलं तर रोज रात्री सूर्य जातो, आणि त्या दर २४ तासांनी येणाऱ्या खाड्यामुळे प्रत्येक खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना ११.६ मायक्रोहर्ट्झवर खोटी शिखरं उगवतात. सूर्याच्या l शून्य आणि दोनमधलं अंतर साधारण ९ मायक्रोहर्ट्झ, म्हणजे खोटं शिखर नेमकं खऱ्याच्या शेजारी येऊन बसतं. म्हणून तर ग्रेक, फोसा आणि पोमेरांट्झ दक्षिण ध्रुवावर गेले, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, आणि म्हणूनच १९९५ पासून गाँग या सूर्याची कंपनं सतत टिपणाऱ्या जाळ्याची जगभर सहा केंद्रं आहेत, त्यातलं एक उदयपूरला.

लायगोच्या चित्राबद्दल थोडक्यात. कापडावरच्या सुरकुत्यांसारखं जे दाखवतात ते मला पटत नाही, त्यातून वाटतं की काहीतरी वरखाली होतंय. त्याऐवजी कणांची एक रिंग काढा, लाट रिंगच्या प्रतलाला लंब दिशेनं येतेय, आणि रिंग एका दिशेला ताणली जाते तेव्हा काटकोनातल्या दिशेला आखडते, मग उलट. १४ सप्टेंबर २०१५ ला जी लाट आली तिचं कमाल प्रमाण १ भागिले १०चा २१वा घात इतकं, म्हणजे ४ किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका बदल. आणि तो चढता पट्टा स्पेक्ट्रोग्राम आहे, आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, ०.२ सेकंदात ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत. स्पेक्ट्रोग्राममध्ये खिडकी, म्हणजे एका वेळी घेतलेला डेटाचा तुकडा, लांब घेतली की फ्रिक्वेन्सी रेखीव येते आणि वेळ पसरते, आखूड घेतली की उलटं, दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून एकाच डेटाचे तीन वेगवेगळ्या खिडक्यांचे प्लॉट शेजारी ठेवा आणि मगच काय दिसलं ते बोला.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पायथन आणि त्याच्या नमपाय, साय-पाय, मॅटप्लॉटलिब या लायब्ररी एवढ्यावर वरचं सगळं होतं. रंगांसाठी दोन टोकांचा कलरमॅप घ्या, लाल-निळा, आणि वरची खालची मर्यादा शून्याभोवती सारखीच ठेवा म्हणजे नोड पांढरा येईल. आपोआप मर्यादेवर सोडलंत तर पांढरा रंग भलत्याच किमतीला जाऊन बसतो आणि नोड चुकीच्या जागी दिसतात. इंद्रधनुषी कलरमॅप नकोच, त्यातल्या पिवळ्या पट्ट्यामुळे जिथे काही नाही तिथे कडा दिसते. साय-पायमध्ये गोलावरच्या नक्षीचं फंक्शन वापरताना कोन तपासा, जुन्या फंक्शनमध्ये थीटा हा रेखांशाचा कोन होता आणि m आधी द्यायचा, नव्यात थीटा ध्रुवापासूनचा कोन आहे आणि l आधी. खात्री करायची तर l एक, m शून्य काढा, वरचा अर्धा लाल, खालचा निळा आणि पांढरी रेघ बरोब्बर विषुववृत्तावर आली पाहिजे. ॲनिमेशनला एका आवर्तनाच्या तीसेक फ्रेम पुरतात, शेवटची फ्रेम पहिलीचीच नक्कल करू नका नाहीतर लूप दर वेळी अडखळतो.

राहिला मोबाईल. गिटारच्या तारेवर दिसणारी ती दाट लाट खरी नसते. बहुतेक मोबाईलचा सेन्सर अख्खी फ्रेम एकदम घेत नाही, एकेक ओळ करत वाचत जातो, त्यामुळे तार त्या वाचनाच्या दिशेत असेल तर तिचा प्रत्येक भाग वेगळ्या क्षणी टिपला जातो. म्हणजे चित्रात जी तारेची लांबी वाटते ती खरं तर बऱ्याच अंशी वेळ आहे, सुरुवातीला सांगितलेले दोन प्लॉट इथे एकमेकांत मिसळलेत. पडताळायचं तर भरपूर उजेडात फोन ९० अंशात फिरवा, तार सेन्सरच्या ओळींना समांतर झाली की लाट जवळजवळ नाहीशी होते. खरं हलणं बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत स्ट्रोब लाइट वापरा, तार ११० हर्ट्झची असेल तर स्ट्रोब १०९ वर ठेवा, तार सेकंदाला एकदा अशी सावकाश हलताना उघड्या डोळ्यांना दिसेल, १११ ठेवलात तर तेच उलट्या क्रमानं. स्ट्रोब ३० हर्ट्झच्या खाली मात्र आणू नका, आणि कुणाला फिट्सचा त्रास असेल तर त्यांच्यासमोर हा प्रयोग करूच नका.